दोन तारा आणि तीन फेज

पिठाच्या गिरणीत तुम्ही पुष्कळदा गेला असाल. तिथली मोटार पाहिली असेल. पुढच्या वेळी तिच्याकडे जाणारी केबल नीट पाहा. तीत विजेच्या तीन तारा असतात आणि चौथी अर्थिंगची. आता घरचा दिवा पाहा. त्याला दोनच तारा. एक फेज, दुसरी न्यूट्रल. गिरणीला तीन का लागतात? दिव्याचे दोनांत कसे भागते? आणि घरी दोनच तारा असताना तीन तारांची मोटार फिरवायची झाली, तर काय करायचे?

हा प्रश्न रिकामपणाचा नव्हे. त्यात माणसांचे पैसे अडकतात. समजा, एक तरुण फिटर आहे. दहा वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात राबला. चार पैसे साठवले, थोडे कर्ज काढले आणि जुन्या मशीनच्या बाजारातून एक मिलिंग मशीन घेतले. टेंपोत घालून गावी आणले. घरामागे पत्र्याची शेड उभारून, चार माणसांच्या हातांनी ते आत सरकवले. मग वायरमनकाकांना बोलावले. काकांनी मोटारीवरची पाटी पुसली, वाचली आणि विचारले, "अरे, ही थ्री फेजची आहे. तुझ्या मीटरला तर सिंगल फेज आहे. घेण्याआधी पाटी वाचली नाहीस का?"

"काका, पाटीवर तेल होतं. मला वाटलं, मोटार ती मोटार."

"मोटार ती मोटार नव्हे, बाबा. पाटीत सगळं आहे. ये, बस इथं."

काकांनी त्याला जे समजावले, तेच आपण सावकाश पाहू. आधी मशीनची ओळख करून घेऊ. लेथ तुम्हाला ठाऊक असेल. लेथवर जॉब फिरतो आणि टूल जागेवर राहते. मिलिंग मशीनवर उलटे असते. दातेरी कटर फिरतो आणि जॉब टेबलावर घट्ट बांधून त्याच्याखाली सरकवतात. शाफ्टमध्ये की-वे पाडायचा, पत्रीचा कडा सरळ करायचा, गिअरचे दाते कापायचे, ही कामे मिलिंगची. लहान शेडमध्ये बहुधा उभ्या डोक्याचे टरेट मिलिंग दिसते. हा घाट अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी सन १९३८ मध्ये निघाला आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. आपल्याकडेही झाल्या. त्याच्या डोक्यावरची मोटार सहसा १ ते ३ हॉर्सपॉवरची असते. मोठ्या आडव्या मिलिंगला ५ किंवा ७.५ हॉर्सपॉवर लागते. तिची गोष्ट वेगळी. ती पुढे येईल.

आता तीन फेज म्हणजे काय ते पाहू. एका उखळात तीन बायका कांडत आहेत असे मनात आणा. तिघींच्या हातांत तीन मुसळे. एकीचे मुसळ खाली येते तेव्हा दुसरीचे वर निघालेले असते आणि तिसरीचे वरून खाली यायला लागलेले असते. ताल चुकला नाही तर उखळ क्षणभरही रिकामे राहत नाही. एकटी बाई कांडू लागली तर? घाव बसतो, मग रिकामा वेळ जातो, मग पुन्हा घाव. सिंगल फेजची वीज तशी आहे. तिचा जोर चढतो, उतरतो, शून्यावर येतो आणि उलट्या दिशेने पुन्हा चढतो. आपल्याकडे असे पूर्ण हेलकावे एका सेकंदात ५० होतात. त्यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. दिव्याला त्याचे काही वाटत नाही. तार तापलेली राहते, उजेड राहतो. एल्‌ईडीच्या दिव्यात तर तेवढ्यापुरती सोय आतच केलेली असते.

थ्री फेजमध्ये असे तीन हेलकावे असतात. तिन्ही सारख्या जोराचे, पण एकापाठोपाठ एक, सारख्या अंतराने. मोटारीच्या आत तारेच्या गुंडाळ्या गोलाकार बसवलेल्या असतात. पहिल्या फेजचा जोर पहिल्या गुंडाळीत चढतो, मग दुसरीत, मग तिसरीत. त्यामुळे लोहचुंबकाची ओढ आतल्या आत गोल फिरत राहते. मधला रोटर त्या ओढीमागे धावतो. त्याला कोणी ढकलावे लागत नाही. म्हणून थ्री फेजच्या मोटारीत कंडेन्सर नसतो, कार्बन ब्रश नसतो, झिजणारे असे फक्त बेअरिंग. तीनांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की ओढ उलटी फिरते आणि मोटारही उलटी फिरते. हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

अशी मोटार दोब्रोवोल्स्की नावाच्या रशियन इंजिनिअरने जर्मनीत एका कंपनीत सन १८८९ च्या सुमारास बनवली. सन १८९१ मध्ये लाउफेन गावी पाण्याच्या जोरावर तयार केलेली थ्री फेजची वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टला नेऊन दाखवली, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. आपल्याकडे सन १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे वीजघर सुरू झाले. त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. मोठ्या कामाला तीन फेज, ही रीत तेव्हापासून पडली ती आजवर आहे.

मग आपल्या फिटरने काय करावे? पहिला उपाय सरळ आहे. वीज कंपनीकडे थ्री फेजच्या जोडणीचा अर्ज करावा. दारावरून तीन तारांची लाइन जात असेल तर हाच मार्ग उत्तम, दुसरे काही पाहू नये. पण लाइन दूर असेल तर खांब, तार, मजुरी यांचा खर्च येतो आणि दिवसही जातात. "शेतातल्या पंपाला थ्री फेज आहे की," असे कोणी म्हणेल. ती जोडणी शेतीची. तिच्यावर कारखाना चालवणे कायद्यात बसत नाही. शिवाय ती ठरावीक तासच येते. कटर जॉबमध्ये असताना गेली तर जॉबही गेला आणि कटरही गेला.

दुसरा उपाय खेड्यापाड्यात सर्वांना ठाऊक आहे. कंडेन्सर लावून मोटार ढकलायची. विहिरीवर पुष्कळ लोक करतात. मोटार फिरते, खोटे कशाला बोला. पण तिन्ही गुंडाळ्यांना सारखी वीज मिळत नाही. एक उपाशी राहते, दुसरी जास्त खाते आणि तापते. मोटारीचा जोर पुष्कळ घटतो. पाणी ओढताना भार एकसारखा असतो, म्हणून एकदा जुळवलेला कंडेन्सर काही दिवस निभावतो. मिलिंगवर भार क्षणाक्षणाला बदलतो. दात लागला की भार, सुटला की नाही. तिथे कंडेन्सरची जुळणी कशी करणार? जळलेली मोटार भरून घ्यायला किती पडतात ते विहिरीवाल्यांना विचारा.

तिसरा उपाय ड्राइव्हचा. बाजारात याला व्हीएफडी म्हणतात. नुसते 'ड्राइव्ह' म्हटले तरी दुकानदाराला कळते. वहीच्या आकाराची, हाताच्या पंजाएवढी जाड अशी पेटी असते. तिच्यात दोन तारांची वीज जाते आणि तीन फेजची बाहेर पडते. जादू वाटते, पण नाही. तिच्या आतले काम शेतकऱ्याला चटकन समजेल, कारण तिथे पाण्याचाच कारभार आहे.

पंपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. ड्राइव्हमध्ये येणारी वीज पहिल्यांदा अशाच झडपांतून जाते. त्यांना डायोड म्हणतात. मागेपुढे हेलकावणारी वीज त्यांच्यामुळे एकाच दिशेने वाहू लागते. मग ती एका टाकीत साठते. ही टाकी म्हणजे मोठे कंडेन्सर. टाकी हेलकाव्याच्या शेंड्यापर्यंत भरते. आपली वीज २३० व्होल्टची म्हणतो ती सरासरी हिशेबाने. तिचा शेंडा सुमारे ३२५ व्होल्ट असतो. तेव्हा टाकीत ३२५ व्होल्टची डीसी वीज भरलेली असते. हा आकडा विसरू नका, जिवाशी गाठ आहे.

टाकीच्या पुढे सहा तोट्या. मोटारीच्या प्रत्येक तारेला दोन, एक वरची, एक खालची. या तोट्या एका सेकंदात हजारो वेळा उघडतात आणि मिटतात. जास्त वेळ उघडी ठेवली की तारेत जोर चढतो, कमी वेळ ठेवली की उतरतो. कोणती तोटी केव्हा किती उघडायची हे आतला छोटा संगणक ठरवतो. अशा रीतीने तिन्ही तारांत एकापाठोपाठ एक हेलकावे तयार होतात. उखळाचा ताल पुन्हा जमला. मोटारीला काहीच फरक कळत नाही. कधी बारीक शीळ ऐकू येते, ती तोट्यांची.

आणखी एक गंमत. हेलकावे आपणच तयार करतो आहोत, मग सेकंदाला पन्नासच का? पंचवीस केले तर मोटार निम्म्या वेगाने फिरेल. चाळीस केले तर त्या मानाने. म्हणून या पेटीवर वेगाचे बटण असते. वेग कमी करताना ड्राइव्ह व्होल्टही त्याच प्रमाणात कमी करतो, नाहीतर मोटारीचे लोखंड तापेल.

इथवर सोपे होते. आता जिथे पुष्कळांचे पैसे बुडतात ती जागा आली.

२३० व्होल्टच्या साध्या ड्राइव्हमधून तीन फेज बाहेर पडतात खऱ्या, पण २३० व्होल्टच्याच. टाकीत जेवढे आहे त्याहून जास्त तोटीतून कसे येणार? आणि मोटारीच्या पाटीवर तर ४१५ व्होल्ट लिहिलेले असते. मग चालेल की नाही? उत्तर पाटीवरच्या एका बारीक खुणेत आहे. तिथे चांदणीची खूण असते, म्हणजे एका बिंदूला मिळालेल्या तीन काड्या. किंवा त्रिकोण असतो. चांदणीला स्टार म्हणतात, त्रिकोणाला डेल्टा. इंग्रजी येत नसले तरी या दोन खुणा कुणालाही ओळखता येतात.

मोटारीत तीन गुंडाळ्या, म्हणजे सहा टोके. स्टारमध्ये तिन्हींची एकेक टोके एकत्र बांधतात. मग दोन तारांच्या मधे दोन गुंडाळ्या येतात आणि ४१५ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. एका गुंडाळीच्या वाट्याला सुमारे २४० येतात. म्हणजे ती गुंडाळी मुळात २४० व्होल्टचीच! तिला डेल्टामध्ये बांधले, म्हणजे प्रत्येक गुंडाळी थेट दोन तारांच्या मधे घातली, की २३० व्होल्टवर ती जवळजवळ पुऱ्या ताकदीने चालते. आपल्या फिटरचे नशीब इथे उघडले. त्याची मोटार २ हॉर्सपॉवरची होती आणि पाटीवर ४१५ व्होल्टसमोर चांदणी होती. आपल्याकडे २ हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटारी सहसा स्टारच्या आणि त्याहून मोठ्या डेल्टाच्या असतात. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. पाटी पाहा.

मोटारीच्या डब्याचे झाकण उघडले की सहा बोल्ट दिसतात, तीन वर, तीन खाली. वरच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१. खालच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२. खालच्या तिन्हींवर आडव्या पितळी पट्ट्या असतील तर स्टार. त्या काढून वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत तीन उभ्या पट्ट्या लावल्या की डेल्टा. पट्ट्या त्याच, फक्त आडव्याच्या उभ्या. ड्राइव्हच्या तीन तारा वरच्या ओळीला. फार जुन्या मोटारीत अक्षरे वेगळी असतात, तेव्हा टोके मीटरने तपासून घ्यावीत. कधी डब्यात तीनच तारा निघतात. चांदणीची गाठ आत गुंडाळ्यांतच दडलेली असते. ती सोडवून टोके बाहेर काढणे मोटार भरणाऱ्या कारागिराचे काम. चांगला कारागीर ते करतो, पण वार्निश कडक झाले असेल तर नाही म्हणतो. तो नाही म्हणाला तर त्याचे ऐकावे.

पाटीवर ४१५ व्होल्ट आणि त्रिकोण असेल तर? मग पट्ट्या हलवून काही मिळायचे नाही. अशा मोटारीला २३० व्होल्ट दिले तर २८ हर्ट्झपर्यंत ती पुऱ्या जोराने ओढते, त्यापुढे तिचा दम तुटतो. ५ हॉर्सपॉवरची मोटार जेमतेम पावणेतीनचे काम करते. त्यापेक्षा ती २३० व्होल्टसाठी नव्याने भरून घ्यावी, किंवा व्होल्ट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर अथवा तशा जातीचा ड्राइव्ह घ्यावा. माझ्या मते ५ हॉर्सपॉवर आणि त्यावरचे मशीन सिंगल फेजवर चालवायच्या भानगडीत पडूच नये. ते मशीन थ्री फेजच्या शेडचे.

"म्हणजे माझं जमलं?" फिटरने विचारले.

"मोटारीचं जमलं. अजून बिल आण बघू."

वीज बिलावर 'मंजूर भार' असे शब्द असतात. त्यापुढचा आकडा वाचा. २ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे दीड किलोवॅट. घरचा पंखा, दिवे, मिक्सर धरून तो आकडा पुरतो का पाहा. न पुरल्यास भार वाढवून घ्या. दुसरे शब्द 'दर संकेत'. तिथे घरगुती लिहिलेले असेल आणि मशीनवर लोकांची कामे करून पैसे घेणार असाल, तर जोडणी बदलून घ्या. सन २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली घरगुती विजेवर धंदा करणे हा अनधिकृत वापर ठरू शकतो आणि दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. पहिल्याच वर्षाची कमाई त्यात गेली तर मशीन आणून काय साधले?

वायरिंगकडे वळू. दीड किलोवॅटच्या मोटारीला २३० व्होल्टच्या मानाने आठ-नऊ अँपिअर पुरावेत असे वाटते. पण ड्राइव्ह वीज सारखी घेत नाही, शेंड्यावर घोट घोट घेतो. त्यामुळे तारेत १४ ते १६ अँपिअरचा ताण येतो. पेटीसोबतच्या पुस्तकात नेमका आकडा असतो. म्हणून घरातल्या सॉकेटात पिन खुपसून हे मशीन चालवू नये. मीटरच्या बोर्डापासून वेगळी जाड तार, तिला तिचा स्वतःचा एमसीबी आणि पक्के अर्थिंग. अर्थिंगला पर्याय नाही. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

थ्री फेज घेणारा ड्राइव्ह स्वस्तात मिळाला तर त्याला दोनच तारा लावून चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. त्यातल्या काही झडपा रिकाम्या राहतात, बाकीच्यांवर आणि टाकीवर दुप्पट ओझे पडते. बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर चालतो, पण त्याच्यावर लिहिलेल्या ताकदीच्या निम्म्यावरच. आणि ४१५ व्होल्टचा असेल तर २३० वर तो बहुधा सुरूच होणार नाही. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, २३० व्होल्ट, असाच मागून घ्या.

पेटीवर दोन बाजूंची टर्मिनले असतात. एका बाजूला घरची वीज आत येते, दुसऱ्या बाजूने यू, व्ही, डब्ल्यू मोटारीकडे जातात. घरची वीज चुकून यू, व्ही, डब्ल्यूला लावली तर पेटी त्याच क्षणी जळते. तिथे दुरुस्ती नाही, नवीनच घ्यावी लागते. तेव्हा दोनदा वाचा, मग स्क्रू आवळा.

मशीनवर आधीचा स्टार्टर असतो, हिरवे-तांबडे बटण असलेला. त्याची सवय झालेली असते, म्हणून लोक ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मधे तो तसाच ठेवतात. ठेवू नये. ड्राइव्ह चालू असताना मधली वाट तोडली-जोडली की तोट्यांना धक्का बसतो. ड्राइव्हमधून निघालेल्या तारा सरळ मोटारीला जाव्यात, मधे काही नको. हिरवे-तांबडे बटण फेकू नका. त्याच्या बारीक तारा ड्राइव्हच्या हुकमाच्या टर्मिनलला जोडता येतात. मग बटण तेच राहते, पण ते मोटारीची वीज तोडत नाही. ड्राइव्हला 'चाल' आणि 'थांब' म्हणून सांगते. कूलंटचा छोटा पंप थ्री फेजचा असेल तर तोही याच ड्राइव्हला बांधू नये. स्पिंडलचा वेग कमी केला की पाणीही आटेल. त्याच्या जागी सिंगल फेजचा छोटा पंप बसवावा. ते स्वस्त पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. वीज जाते आणि येते, हे आपल्याकडे रोजचे. समजा, कटर फिरत असताना वीज गेली. फिटर जॉब सोडवायला वाकला. हात कटराजवळ. तेवढ्यात वीज आली आणि मशीन आपोआप सुरू झाले. पुढचे सांगायला नको. पुष्कळ ड्राइव्हमध्ये वीज परत येताच आपोआप चालू होण्याची सोय असते. पाण्याच्या पंपाला ती उपयोगी, मिलिंगला घातक. ती सोय बंद ठेवा. चालू-बंदसाठी खटक्याचा स्विच लावू नका, कारण तो 'चालू'वरच राहतो. दाबून सुटणारे बटण लावा, म्हणजे वीज आली तरी माणसाने पुन्हा दाबल्याशिवाय कटर फिरणार नाही. बसवून झाल्यावर परीक्षा घ्या. कटर काढून मशीन चालू करा, मुख्य एमसीबी पाडा, थोड्या वेळाने वर करा. स्पिंडल हलता कामा नये. हलला तर कटर लावू नका.

दुसरा धोका टाकीचा. एमसीबी पाडला तरी ३२५ व्होल्ट टाकीत साठलेले राहतात. दिवे विझले म्हणून पेटी उघडून बोट घालणारा प्राणाला मुकू शकतो. पेटीवर किती मिनिटे थांबायचे ते लिहिलेले असते, पाच असतील, दहा असतील. घड्याळ लावून तेवढा वेळ थांबा. मग मीटर डीसीवर ठेवून टाकीच्या टर्मिनलवर किती व्होल्ट उरले ते पाहा आणि त्यानंतरच हात लावा. घरात लेकरे असतील तर पेटीला कुलूप हवे.

जुन्या मोटारीच्या गुंडाळ्यांचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्यावे. एक मेगओहमच्या खाली काटा आला तर मोटार आधी वाळवावी किंवा भरून घ्यावी. तोट्यांच्या उघडझापीचे धक्के कमकुवत इन्सुलेशनला सोसत नाहीत. मेगर लावण्याआधी मोटारीच्या तारा ड्राइव्हपासून सोडवा, नाहीतर मेगरच ड्राइव्हला मारील. पेटी बंद कपाटात उभी बसवा, वर-खाली वाऱ्याला जागा ठेवा. बिडाची पूड वीज वाहून नेते. ती पेटीत शिरली की खेळ संपला.

मग पेटीला मोटारीची ओळख करून द्यायची. व्होल्ट २३०, हर्ट्झ ५०, फेरे पाटीवर असतील ते, बहुधा १४०० च्या वर. अँपिअर मात्र पाटीवरून तसेच उतरवू नका. पाटी स्टारची आहे आणि आपण डेल्टा केला आहे. स्टारचे ३.४ अँपिअर असतील तर त्यांना १.७३ ने गुणा. ५.९ येतात. ३.४ च ठेवले तर जरा भार पडताच पेटी मोटार बंद करील, आणि 'पेटी खराब आहे' म्हणून तुम्ही दुकानदाराशी भांडाल. सुरू व्हायला ४-५ सेकंद द्या. एरवी मोटार सुरू होताना सहा-सातपट वीज ओढते, शेजाऱ्यांचे दिवे मंदावतात. ड्राइव्हवर तसे होत नाही. थांबायलाही तेवढाच वेळ द्या. फार घाईने थांबवले तर फिरते मशीन उलट वीज तयार करून टाकीत लोटते, टाकी भरून वाहू लागते आणि पेटी तक्रार करते. लवकर थांबवायचेच असेल तर ब्रेकचा रेझिस्टर वेगळा लावावा लागतो.

पहिली फेरी कटराशिवाय, १० हर्ट्झवर. दिशा पाहा. उलटी असेल तर एमसीबी पाडा, मिनिटे मोजून थांबा आणि यू, व्हीची अदलाबदल करा. उलट्या फिरणाऱ्या कटराचे दात जॉबला लागताच तुटतात.

बटण फिरवले की वेग बदलतो, हे पाहून फिटर हरखला. "काका, आता पट्टा बदलायलाच नको. गिअरही नको!"

"हवा तर! ऐक. बटणानं वेग निम्मा केलास तर मोटारीची पिळ तेवढीच राहते आणि ताकद निम्मी होते. दोनची मोटार एकची झाली. गिअरनं वेग निम्मा केलास तर पिळ दुप्पट होते, ताकद दोनचीच राहते. मोठा कटर लावायचा तर कशानं वेग कमी करशील?"

"गिअरनं."

काकांनी हिशेबही करून दाखवला. नरम लोखंडावर एचएसएस कटराच्या धारेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास ठेवतात. २० मिलिमीटरचा कटर असेल तर २५ ला १००० ने गुणा, ३.१४ आणि २० यांच्या गुणाकाराने भागा. मिनिटाला सुमारे ४०० फेरे येतात. १०० मिलिमीटरचा कटर असेल तर ८०. चारशेवरून ऐंशीवर बटणाने यायचे तर १० हर्ट्झवर चालवावे लागेल. मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही मंद होतो. कामाचा भार तोच, वारा नाही. मोटार भाजून निघेल. तेव्हा आधी पट्टा किंवा बॅक गिअर योग्य जागी लावा आणि बटणाने त्या जागेभोवती थोडे मागेपुढे करा. कटर किंचाळतो आहे, पाच-दहा हर्ट्झ कमी केले आणि आवाज निवला, ही बटणाची खरी चैन. ५० च्या पुढे जाता येते, पण व्होल्ट वाढत नाहीत म्हणून पिळ घटते. बारीक कटराला चालते.

खाली चार मोटारींच्या पाट्या दिल्या आहेत. २३० व्होल्टच्या सिंगल फेज ड्राइव्हवर कोणती मोटार पुऱ्या ताकदीने चालेल ते ठरवा. कारण आपल्या वहीत लिहा.

पहिली: १ हॉर्सपॉवर, ४१५ व्होल्ट, चांदणी. डब्यात सहा बोल्ट.

दुसरी: ५ हॉर्सपॉवर, ४१५ व्होल्ट, त्रिकोण. डब्यात सहा बोल्ट.

तिसरी: २ हॉर्सपॉवर, २२०/३८० व्होल्ट, त्रिकोण/चांदणी. परदेशी बनावट, ५० हर्ट्झ.

चौथी: २ हॉर्सपॉवर, ४१५ व्होल्ट, चांदणी. डब्यात तीनच तारा. ही घेण्याआधी कोणाला विचाराल?